मेंटेनन्स भाडेकरूच्या माथी: जागामालकांसाठी थोडं मार्गदर्शन

पुण्यात बाणेरला रस्त्याला लागून तळमजला अधिक चार अशी तुमची कमर्शियल इमारत उभी राहिली, त्याबद्दल अभिनंदन. जमीन आजोबांची, कर्ज बँकेचं, काच निळी आणि नाव आईचं. तळमजल्यावर कॅफे आला, पहिल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर स्पर्धा परीक्षांचा क्लास, तिसऱ्यावर सॉफ्टवेअरवाली पोरं. चौथा मजला लवकरच जाणार आहे. तो गेली दोन वर्षं लवकरच जाणार आहे. सगळं झकास. तरी तुमचा चेहरा उतरलेला, कारण लिफ्टवाल्याने एएमसी, म्हणजे वर्षाच्या देखभालीचा आकार, वाढवला, सिक्युरिटी एजन्सीचं पत्र आलं, उन्हाळ्यात टँकर दुप्पट लागले आणि महापालिकेचं बिल टेबलावर पडलंय. तुम्ही कॅल्क्युलेटर घेऊन भाड्यातून हे सगळं वजा करत बसलाय.

मालक, वजा काय करताय? भाडं तुमचं. इमारत चालवायचा खर्च त्यांचा. या दोन गोष्टी एका आकड्यात कधीही बांधू नका. ‘सगळं धरून अमुक रुपये’ असं लक्ष्मी रस्त्यावरचे जुने गाळेमालक म्हणायचे. त्यात व्हायचं काय, की महागाई वाढली की ती मालकाच्या खिशातून जायची, आणि मग मालकही जिन्यातला दिवा दिवसा जळताना दिसला की स्वतः उठून बंद करायचा. अशी काटकसर अंगाला लावून घ्यायची नसेल, तर खर्चाची पावती वेगळी फाडा. त्याला कॅम म्हणतात, म्हणजे कॉमन एरिया मेंटेनन्स, सामाईक जागेच्या देखभालीचा आकार. जाहिरातीत फक्त भाडं छापायचं, तेही शेजारच्या इमारतीपेक्षा चौरस फुटामागे दोन रुपये कमी. कॅमचा विषय एजंटने टोकन घेतल्यानंतर, चहाच्या वेळी काढायचा. ‘नॉर्मल आहे सर, सगळीकडे असतो,’ एवढं एक वाक्य त्याला पाठ हवं. बहुतेक एजंटांना ते असतंच.

आता क्षेत्रफळ. भाडेकरू जेवढ्या फरशीवर खुर्च्या मांडतो तेवढ्यावर आकार लावणं हा भाबडेपणा झाला. समजा आतली जागा १,००० चौरस फूट आहे. त्यावर जिना, लॉबी, लिफ्टची विहीर, जनरेटरची खोली आणि तुमच्या आईचा फोटो लावलेली भिंत असं सगळं मिळून ४५ टक्के लोडिंग चढवा. झाले १,४५० सुपर बिल्टअप. कॅम फक्त १४ रुपये दराने लावला, तरी महिन्याला २०,३०० होतात. वर १८ टक्के जीएसटीचे ३,६५४. म्हणजे ज्याने १४ ऐकलं, तो आतल्या जागेच्या हिशेबाने जवळजवळ २४ देतो, आणि तुम्ही खोटं एक अक्षर बोलला नाहीत. विकत घेणाऱ्याला चटई क्षेत्र, म्हणजे आतली खरी जागा, सांगायला रेरा या बांधकाम कायद्याने लावलं. भाड्याने घेणाऱ्याच्या बाबतीत ती कटकट नाही. कोणी टेप घेऊन आलाच, तर लोडिंगचा नकाशा आर्किटेक्टकडे आहे असं सांगा, आणि आर्किटेक्ट अमेरिकेत मुलीकडे गेलेत असंही.

दर ठरवून टाकावा की ‘प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे’ लावावा, असा प्रश्न तुम्हाला पडेल. नवशिके ठरावीक दर घेतात आणि मग डिझेल वाढलं की रडत बसतात. तुम्ही प्रत्यक्ष खर्च अधिक १५ टक्के व्यवस्थापन शुल्क असं लिहा. या १५ टक्क्यांत खरी गंमत आहे, म्हणून इथे जरा थांबू. लिफ्टचं काम लाखात झालं तर शुल्क १५ हजार. तेच काम दीड लाखात झालं तर साडेबावीस. इमारतीची देखभाल बघायला तुमच्या मेहुण्याच्या नावाने एक फर्म काढलीत, की स्वस्तातला मिस्त्री शोधण्याची गरज त्या घराण्यात कोणालाच उरत नाही. ज्याच्या हातात खर्च ठरवायचं काम आहे त्याला तो भरायचा नाही, आणि ज्याला भरायचा आहे त्याला विचारायचं नाही. एवढी एक व्यवस्था नीट बसली, की पुढची पंचवीस वर्षं इमारत आपोआप महाग होत जाते. लॉबीत इटालियन संगमरवर हवा? घाला. कुंड्यांना महिन्याचा माळी? ठेवा. दिवाळीला प्रवेशद्वारावर पाच हजार दिवे? कॅममध्ये.

वाढीला निमित्त शोधायला लांब जावं लागत नाही. किमान वेतनावरचा विशेष भत्ता राज्य सरकार दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत जाहीर करतं. अग्निसुरक्षेचं बी फॉर्मचं प्रमाणपत्रही परवानाधारक एजन्सीकडून घेऊन वर्षातून दोनदा द्यायचं असतं, तेही जानेवारीत आणि जुलैत. सरकारने इतकी सोय केल्यावर वर्षातून एकदाच दर वाढवणं बरं दिसत नाही. पत्रात ‘शासनाच्या सुधारित वेतनदरानुसार’ असं लिहिलं की वाचणाऱ्याचं डोकं आपोआप खाली जातं. दारावर बारा तास उभ्या असलेल्या काकांच्या हातात त्यातले किती पडतात, हे त्यांना विचारायला क्लासची पोरंही थांबत नाहीत, तर भाडेकरू कशाला थांबेल?

चौथ्या मजल्याचं काय, असं विचारताय? तो रिकामा आहे हा तुमचा तोटा, असं कोणी सांगितलं? रिकाम्या मजल्यालाही लिफ्ट जाते, तिथल्याही पॅसेजमध्ये दिवा असतो. एकूण खर्चाला एकूण क्षेत्राने भागायचं नाही. भरलेल्या क्षेत्राने भागायचं. करारात ‘उपयोगात असलेल्या क्षेत्राच्या प्रमाणात’ हे चार शब्द घातले की काम झालं. चौथा मजला जितका जास्त दिवस रिकामा, तितकी खालच्यांना त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागते. तळमजल्यावरचा कॅफेवाला तर लिफ्टचे पैसे भरतो, तेही आजवर तीत एकदाही न चढता. त्याने कुरकुर केली तर गच्चीवरून सूर्यास्त छान दिसतो, म्हणून सांगा.

गच्चीवर मोबाइलचा टॉवर आहे ना? त्याचं भाडं तुमचं, कारण गच्ची तुमची. टॉवरच्या पायाजवळून गळायला लागलं तर वॉटरप्रूफिंग सगळ्यांचं, कारण छप्पर सगळ्यांचं. दर्शनी भिंतीवरच्या फ्लेक्सचंही तसंच. सोलर बसवलंत तर पॅनेलचा खर्च तीन वर्षांत कॅममधून वसूल करा आणि वाचलेली वीज तुमच्या नावावर ठेवा. लॉबीत ‘हरित इमारत’ अशी पाटी मात्र मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लावा, भाडेकरूंना अभिमान वाटतो.

मिळकत कराबद्दल थोडक्यात. पुणे महापालिका मुदतीआधी भरणाऱ्याला सर्वसाधारण करात सवलत देते, आणि थकवणाऱ्याला महिना २ टक्के शास्ती लावते. दोन्हींत तुमचा फायदा आहे. वेळेत भरलात तर भाडेकरूंकडून बिलाची पूर्ण रक्कम घ्या, सवलत ही तुमच्या शिस्तीची बक्षिसी. कोकणात गेला होतात आणि राहून गेलं, तर शास्तीही वाटून टाका. कर म्हटला की कोणी आत डोकावत नाही. इमारत तुमची आहे आणि कराचं बिल तुमच्या आईच्या नावावर येतं, हे कोणाच्या लक्षात येत असेल तर तो तिसऱ्या मजल्यावरचा असणार. त्याच्याकडे पुढे येतो.

विजेच्या बाबतीत एक खबरदारी घ्या. कायद्याने जागा वापरणाराही स्वतःच्या नावाने महावितरणकडे कनेक्शन मागू शकतो. त्याला तसं सुचू देऊ नका. एकच मोठं कनेक्शन तुमच्या नावाने, आणि मजल्यामजल्याला सब-मीटर. वीज विकायला परवाना लागतो, म्हणून पावतीवर ‘वीज विक्री’ असं कुठेही येता कामा नये. ‘वीज वापर व अनुषंगिक आकार’ असं लिहा. अनुषंगिक या शब्दाला वजन आहे आणि तळ नाही. महावितरणच्या बिलात स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार असे इतके आकार आधीच असतात, की त्यात तुमचा एक मिसळला तर महावितरणलासुद्धा ओळखू यायचा नाही. गुरुवारी देखभालीसाठी वीज गेली की जनरेटर लागणारच. डिझेलचं मीटर वेगळं, दर वेगळा, आणि जनरेटरची घरघर तर आख्ख्या बाणेरला फुकट. त्याच गुरुवारी पाणीही बंद असलं, तर टँकर मागवा. टँकर आला हे सगळ्यांना दिसतं, म्हणून त्याची पावती कोणी मागत नाही. किती आले, हे मेहुणा लिहून ठेवतो.

आता एक हळवा विषय. दातांचे डॉक्टर तुम्हाला भेटून म्हणतील, की कॅमवरचा जीएसटी मला अंगावर पडतो. वैद्यकीय सेवेवर जीएसटी नाही, म्हणून भरलेल्या कराचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही. कॅफेवाला म्हणेल, मी ५ टक्क्यांत आहे, मलाही क्रेडिट नाही. दोघंही खरं बोलतायत. सॉफ्टवेअरवाल्यांना तो बहुतेक परत मिळतो, म्हणून ते गप्प असतात. अशा वेळी चेहरा गंभीर ठेवून ‘दिल्लीत काहीतरी करायला पाहिजे’ असं म्हणा. १५ टक्के व्यवस्थापन शुल्कावरसुद्धा १८ टक्के लागतात, हे त्या क्षणी आठवू नका.

आणि तुमच्या सीएने सांगितलं नसेल तर सांगतो. भाड्याचं उत्पन्न घर-मिळकत या सदरात दाखवलं, की आयकर खातं त्यातून सरसकट ३० टक्के वजावट देतं. कशासाठी? इमारतीची दुरुस्ती-देखभाल तुम्हाला करावी लागते म्हणून. पावती दाखवायची नाही, एक रुपया खर्च केला नसला तरी चालतो. म्हणजे गळती बुजवली डॉक्टरांनी, लिफ्टची दोरी बदलली कॅफेवाल्याने, रंग लावला क्लासवाल्यांनी, आणि त्याबद्दल सवलत तुम्हाला. या देशात मालक होण्यासारखं पुण्य नाही, असं वाडवडील उगाच म्हणत नसत.

रंगावरून आठवलं. लिफ्टच्या दोरीला देखभाल म्हणतात हे मान्य. पण नवी लिफ्टसुद्धा देखभालच. जुनी काढून नवी बसवली की जुनीची फार चांगली देखभाल होते. पुढची वीस वर्षं ती लिफ्ट तुमच्या मालकीची, भाडेकरू तीन वर्षांत जाणार, पण पैसे पहिल्याच वर्षी त्याच्याकडून. ‘भांडवली खर्च’ हे दोन शब्द करारात कुठेही दिसणार नाहीत याची काळजी वकिलाला घ्यायला सांगा.

कराराची मांडणीही शहाण्यासारखी हवी. लीव्ह अँड लायसन्स नोंदवावंच लागतं, त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क पडतं. ते फक्त भाड्यापुरतं ठेवा. कॅमचा करार मेहुण्याच्या फर्मशी, पाचशेच्या स्टॅम्पवर, बारीक अक्षरात. लॉक-इन, म्हणजे मधेच करार न सोडण्याचं बंधन, भाडेकरूला तीन वर्षं, तुम्हाला अजिबात नाही. भाड्यात तीन वर्षांनी १५ टक्के वाढ आहेच. कॅम प्रत्यक्ष खर्चाप्रमाणे वाढतो, तरी त्यावरही दरवर्षी ५ टक्के ‘किमान वाढ’ लिहून टाका. म्हणजे खर्च कमी झालाच, तर घाबरायचं कारण नाही.

आता तो तिसऱ्या मजल्यावरचा. मजला घेण्याआधीचं सांगतो. चष्मा, सॅकमध्ये लॅपटॉप, आणि कराराचा मसुदा खरोखर वाचून आलेला. तो सही करण्याआधी चार गोष्टी मागतो. कॅम वर्षाला अमुक टक्क्यांपेक्षा जास्त वाढणार नाही अशी मर्यादा. वर्षाच्या शेवटी मूळ बिलांसह हिशेब, आणि तो तपासायचा हक्क. रिकाम्या मजल्याचा वाटा मालकाचा. नवी यंत्रं मालकाच्या खर्चाने. हे चारही त्याला मिळाले, तर वर लिहिलेलं बहुतेक सगळं फुकट गेलं म्हणून समजा. यातलं कलम सही झाल्यावर मागणारे खूप भेटतील, त्यांची काळजी नको. त्यांना चहा पाजा. सहीच्या आधी मागणारा एखादाच असतो. त्याला ताबडतोब सांगा, की बंगळुरूची एक पार्टी आख्ख्या इमारतीला विचारतेय. तरी तो हलला नाही, आणि तुमचा तिसरा मजला सहा महिने रिकामा असला, तर मात्र मुकाट्याने चारही लिहून द्या. फक्त त्याला बजावा, बाकीच्यांना सांगू नका. तो सांगणार. भाडेकरूंचा व्हॉट्सॲप ग्रुप झालाच, तर त्यात मेहुण्याला घाला; तो रोज सकाळी सुविचार टाकेल आणि आठवड्यात ग्रुप म्यूट होईल.

राहता राहिला जाणारा भाडेकरू. सहा महिन्यांचं बिनव्याजी डिपॉझिट तुमच्याकडे आहे, आणि तो चावी टेबलावर ठेवून हात पुढे करतो. घाईने चेक लिहू नका. कॅमचा अंतिम हिशेब झाल्याशिवाय डिपॉझिट सुटत नाही, आणि अंतिम हिशेब आर्थिक वर्ष संपल्यावर होतो, हे करारात आहे. त्यानेच सही केलीय. मार्च संपला की ऑडिट, ऑडिट झालं की फरकाची रक्कम, ती नेहमी त्याच्याकडूनच निघते. फोन आला तर उचला, प्रेमाने बोला, त्याच्या नव्या जागेची चौकशी करा, तिकडे कॅम किती लावतात तेही विचारून घ्या, उपयोगी पडतं. हिशेब कधी, असं त्याने विचारलंच तर सांगा, सीए गणपतीनंतर बसतायत. कुठल्या वर्षीच्या, ते बोलण्यात आणू नका.