चाळीस एकर आणि एक खेचर

आज डोकं तापलेलं आहे, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे. वेळ असेल त्यांनीच वाचा.

भाचीच्या कॉलेजात वक्तृत्व स्पर्धा होती. कॉलेजचं नाव लिहीत नाही, परीक्षकांचंही नाही, कारण असं बोलणारा तो एकटाच माणूस नाही. विषय मोकळा होता. तिने हिपहॉपच्या ओळींत दडलेला इतिहास घेतला आणि सात मिनिटं अशी बोलली की माझ्या शेजारच्या पोरांनी मोबाइल खिशात टाकले. निकालाआधी परीक्षक मनोगतात म्हणाले, "शिवीगाळीत अर्थ शोधत बसण्यापेक्षा मुलांनी आपल्या मातीतलं काही घ्यावं." सभागृह हसलं. माझी पोरगी मान खाली घालून बसून राहिली.

आपल्या मातीतलं म्हणे! अहो, तिच्या भाषणात जोतीराव फुले होते. ते आले तेव्हा तुम्ही पेन खाली ठेवून शेजारच्या परीक्षकांशी बोलत होतात. मी पाहत होतो.

आता ती ज्या ओळीवर बोलली, तिची गोष्ट सांगतो. १० फेब्रुवारी २०२५, सोमवारची सकाळ. आमच्या स्वयंपाकघरात भाची फोन घेऊन उभी होती. तिकडे न्यू ऑर्लिन्समध्ये रविवारची रात्र, सुपर बोलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा, मध्यंतर, आणि मैदानात रॅपर केंड्रिक लामार. अंकल सॅमच्या, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक मानल्या जाणाऱ्या म्हाताऱ्याच्या, वेशातला नट सॅम्युअल एल. जॅक्सन त्याला मधेमधे दटावत होता, की हे फार कर्कश आहे, फार बेदरकार आहे, फार वस्तीतलं आहे. लाल, पांढऱ्या, निळ्या कपड्यांतले काळे नर्तक एकत्र येऊन अमेरिकेचा झेंडा होत होते आणि तो झेंडा मधोमध दुभंगत होता. प्रेक्षकांत खुद्द राष्ट्राध्यक्ष बसलेले. शेवटाकडे तो म्हणाला, चाळीस एकर आणि एक खेचर, हे संगीतापेक्षा मोठं आहे. पोरीने ती ओळ मागे घेऊन पुन्हा लावली.

पोळ्या लाटता लाटता आईने विचारलं, "काय म्हणतोय गं तो?"

आम्ही दोघांनी मिळून तिला सांगितलं. १८६५चा जानेवारी. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपत आलेलं. सव्हाना शहरात उत्तरेच्या, म्हणजे सरकारी सैन्याच्या, जनरल शर्मनने काळ्या समाजाच्या वीस धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, तुम्हाला काय हवं? त्यांच्या वतीने गॅरिसन फ्रेझर बोलले. स्वतः गुलामीतून पैसे भरून सुटलेला तो म्हातारा माणूस. ते म्हणाले, आम्हाला जमीन द्या, आम्ही ती कसू आणि आमचं पोट आम्ही भरू. चारच दिवसांनी, १६ जानेवारीला, आदेश निघाला. साउथ कॅरोलिनापासून फ्लोरिडापर्यंतच्या किनारपट्टीची जमीन, दर कुटुंबाला चाळीस एकरांपर्यंत. सैन्याकडची खेचरंही पुढे काहींना मिळाली. सुमारे चाळीस हजार माणसं तिथे जाऊन राहिली, त्यांनी पेरणी केली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला. नवे अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्ष संपायच्या आत सगळं फिरवलं. सातबाऱ्यावर नाव चढायच्या आधीच माणसं पुन्हा रस्त्यावर.

आईने गॅस बारीक केला. "मग ती जमीन परत कुणाला दिली?"

"ज्यांनी यांना गुलाम ठेवलं होतं त्यांनाच, आजी."

"म्हणजे आपल्या गायरानासारखंच," आई म्हणाली आणि पुढची पोळी लाटायला घेतली.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आमच्या घरचं ठाऊक आहे. आईचे वडील १९६४-६५च्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात, दादासाहेब गायकवाडांच्या हाकेवर, तुरुंगात गेले होते. कसायला गायरान मागितलं होतं. जमीन शेवटपर्यंत मिळाली नाही. दुसऱ्याच्या बांधावर राबता राबता गेले. आईने केंड्रिकचं नाव त्या सकाळी पहिल्यांदा ऐकलं, इंग्रजी तिला येत नाही. तरी पोळी तव्यावर फुगायच्या आत तिला ती ओळ कळली. आणि मानधन घेऊन, शाल-श्रीफळ घेऊन साहित्यावर बोलणाऱ्या माणसाला तिच्यात शिव्या ऐकू येतात.

मला राग याचा आहे की ती ओळ कुणी लपवून ठेवलेलीच नाही. अमेरिकेतल्या काळ्या घरांत ती पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाते. स्पाइक लीने आपल्या चित्रपटसंस्थेला हेच नाव दिलं. केंड्रिकने तिथे इतिहासाचा धडा दिला नाही, नुसतं नाव घेतलं आणि पुढे गेला, कारण ज्यांच्यासाठी घेतलं त्यांना अख्खी गोष्ट पाठ आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांनी विचारावं. आईने विचारलंच ना?

हो, यानंतर लगेच त्याने जे गाणं गायलं ते एका प्रतिस्पर्ध्याची बेअब्रू करायलाच लिहिलेलं आहे. मान्य. बायकांबद्दल या गाण्यांत जे येतं ते मलाही खपत नाही. भाचीला तर मुळीच नाही, आणि तिने ते भाषणात स्पष्ट सांगितलं होतं. इतिहासाचं नाव घेतलं म्हणून प्रत्येक गाणं मोठं होतं असंही नाही. झाडाला लटकवून मारलेल्या काळ्या माणसांवरचं 'स्ट्रेंज फ्रूट', १९३९ साली बिली हॉलिडेने गायलेलं. त्याचा निना सिमोनच्या आवाजातला तुकडा रॅपर कान्ये वेस्टने २०१३ साली स्वतःच्या तुटलेल्या नात्याच्या रडगाण्याखाली वापरला. तो मला आजही सहन होत नाही. पण हा राग यायलासुद्धा तो तुकडा कुठला हे आधी ठाऊक असावं लागतं!

आता फुल्यांकडे येतो. 'गुलामगिरी' निघालं १८७३ साली. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या त्या भल्या लोकांना, ज्यांनी काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावं, अशी इच्छाही तिथेच लिहिली. म्हणजे जॉन्सनने जमिनी काढून घेतल्या त्यानंतर जेमतेम आठ वर्षांनी पुण्यात बसलेला एक माणूस त्या लढ्याला सलाम करत होता. त्याच लढ्याची बाकी केंड्रिक त्या मैदानात मागत होता. भाचीने हे दोन्ही एका दमात जोडलं. मला हे जोडणं कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं, तिने आपलं आपण केलं. याहून आपल्या मातीतलं काय असतं, परीक्षक महाशय?

लिहिता लिहिता राग थोडा उतरलाय. तिच्याबद्दल लिहितोय म्हणून असेल.

भाषणात तिचा शेवटचा भाग टुपाक या रॅपरवर होता. 'चेंजेस' हे गाणं १९९८ साली, त्याच्या खुनानंतर दोन वर्षांनी बाहेर आलं. त्यात तो नुसतं 'ह्युई' म्हणतो, आडनाव घेत नाही. ह्युईने लढायला सांगितलं, अंधारात दोन गोळ्या सुटल्या, ह्युई गेला. हा ह्युई न्यूटन, १९६६ साली ओकलंडमध्ये काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारी ब्लॅक पँथर पार्टी काढणाऱ्या दोघांपैकी एक, १९८९ साली त्याच शहरात गोळ्या घालून मारलेला. टुपाकची आई अफेनी स्वतः पँथर. तो पोटात असताना ती तुरुंगात होती. १९७१च्या मे महिन्यात निर्दोष सुटली, जूनमध्ये तो जन्मला. त्यामुळे ह्युई हे त्याच्यासाठी घरातलं नाव. गाण्यातला पियानोही असाच आलेला नाही. तो ब्रूस हॉर्न्सबीच्या १९८६च्या गाण्यातला आहे, आणि त्या मूळ गाण्यात १९६४च्या नागरी हक्क कायद्याचा उल्लेख आहे. कायदा होऊनही फारसं बदललं नाही, असं ते गाणं सांगतं. टुपाक त्याच सुरांवर उभा राहून पुढचं बोलतो.

आणि त्याच पँथरवरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार. १९७३च्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या त्या लढ्याशी असलेलं नातं उघड लिहिलेलं आहे. तिने हे बोलायला घेतलं तेवढ्यात घंटा वाजली. नियम आहे, वेळ संपली होती, त्याबद्दल तक्रार नाही.

बक्षीस मिळालं नाही. रिक्षात ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "मामा, पँथरच्या सभांना गेलेलं कुणी अजून असेल ना? मला त्यांच्याशी बोलायचंय."

तर एक काम करा. तुमच्या घरात, नात्यात, चाळीत, वरळी-नायगावला किंवा इकडे नाशिकला, त्या काळात मोर्च्यांत, सभांत असलेलं कुणी असेल तर मला मेसेज करा. फोन नंबर इथे कमेंटमध्ये टाकू नका. दिवाळीच्या सुट्टीत मी तिला घेऊन येतो. आईपण येईन म्हणतेय, तिला वडिलांबरोबर तुरुंगात असलेलं कुणी भेटतंय का ते बघायचंय.