वारा कमी, बिल मात्र गॅसचं

उन्हाळा तोंडावर आला की सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: कारच्या एसीतून हवा कमी यायला लागली म्हणजे गॅस संपत आला; गॅस दरवर्षी टॉप-अप करायलाच हवा; एसीचा फिल्टर काढून टाकला की हवा दुप्पट येते; आणि बॉनेट उघडून कंडेन्सरवर (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कॉइलवर) पाइपनं पाणी मारलं की फरक लगेच जाणवतो. खाली हात जोडलेले इमोजी. चारही सल्ले एकेक करून बघू.

"हवा कमी म्हणजे गॅस कमी." सगळा घोळ इथंच आहे. वारा वेगळा आणि गारवा वेगळा. वारा देतो डॅशबोर्डमागचा ब्लोअर, म्हणजे विजेवर चालणारा साधा पंखा. गारवा देते कूलिंग कॉइल, जिच्यातून गॅस फिरतो. टेबल फॅनपुढे ठेवलेला बर्फ वितळला म्हणून फॅन हळू फिरायला लागत नाही. तसंच गॅस कमी झाला तर झोत जोरातच येतो, फक्त कोमट येतो.

हे तपासायला मेकॅनिक लागत नाही. एसीचं बटण बंद करा, ब्लोअर शेवटच्या आकड्यावर ठेवा आणि डॅशबोर्डच्या जाळीसमोर हात धरा. एसी बंद असतानाही झोत मरगळलेला असेल, तर गॅसला दोष देण्यात अर्थ नाही. मग आवाज ऐका. ब्लोअर घोंघावतोय पण वारा येत नाही, तर वाटेत काहीतरी तुंबलंय. आवाजच मवाळ असेल तर मोटर किंवा तिची वायरिंग बघावी लागेल. 1, 2, 3 वर शुकशुकाट आणि 4 वर एकदम सुसाट असेल तर ब्लोअरचा वेग कमी ठेवणारा रेझिस्टर गेलाय. चार आकड्यांच्या साध्या ब्लोअरमध्ये शेवटच्या आकड्यावर करंट रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरला जातो, म्हणून तेवढाच चालतो. वारा पायांशी किंवा काचेवर जातोय, समोर येत नाही, तर हवेची दिशा बदलणारा आतला फ्लॅप अडकलाय.

याला एक अपवाद आहे, आणि मेसेजला जो काही आधार आहे तो एवढाच. पावसाळ्यात कोकणात निघालात, सुरुवातीला झोत झकास होता आणि तासाभरात हळूहळू मंदावत गेला, तर कॉइलवर बर्फ धरलाय असं समजा. एरवी हवेतल्या दमटपणाचं कॉइलवर पाणी होतं आणि ते नळीतून गाडीखाली ठिबकतं. कॉइल शून्याखाली गेली की तेच पाणी तिच्या पातळ पत्र्यांमधल्या फटींत गोठतं आणि हवेची वाट बंद होते. गॅस थोडा कमी असला तर आतला दाब उतरून असं होऊ शकतं. पण कॉइलचा तापमान बघणारा सेन्सर बिघडून कॉम्प्रेसर (गॅस दाबून फिरवणारा पंप) वेळेवर थांबला नाही तरी असंच होतं, आणि फिल्टर तुंबून कॉइलवरून पुरेशी हवा गेली नाही तरीही. अशा वेळी एसी बंद करून नुसता ब्लोअर दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. झोत परत आला तर बर्फच होता. त्यामागचं कारण गॅसचा दाब मोजणारं गेज लावल्याशिवाय आणि सेन्सर तपासल्याशिवाय कळणार नाही, तेव्हा सरळ गॅस भरून मोकळं होऊ नका.

आता फिल्टर. "काढून टाका, हवा दुप्पट येते." दुप्पट नाही, पण पहिले काही दिवस हवा वाढते हे खरं, आणि म्हणूनच हा सल्ला घातक आहे. बहुतेक गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. बॉक्स रिकामा करायचा, दोन्ही बाजू आत दाबायच्या, तो खाली लटकतो. मागे एक चपटं झाकण दिसतं, त्याच्या आत चुण्यांचा फिल्टर. गाडी झाडाखाली उभी राहत असेल तर चुण्यांत काय काय निघतं बघा: राखाडी धुळीचा थर, गुलमोहराची बारीक पानं, एखादं पीस, उंदराच्या लेंड्या. हे सगळं पुढच्या काचेखालच्या जाळीतून आत येतं. फिल्टर नसेल तर ते थेट ओल्या कॉइलवर बसतं, त्याचा चिखल होतो, वास सुटतो, आणि तो साफ करायला बऱ्याच गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो. काही शे रुपयांच्या फिल्टरपायी केवढं काम! काही स्वस्त मॉडेलांत फिल्टरची जागा असते पण फिल्टर बसवलेलाच नसतो, तेव्हा एकदा उघडून बघाच. नवा बसवताना त्याच्यावरचा हवेच्या दिशेचा बाण पाळा. जुना झटकून एखाद्या वेळी चालतो, पण चुण्या काळ्या पडल्या असतील तर बदला.

"दरवर्षी गॅस टॉप-अप." एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो बंद नळ्यांत गोल फिरत राहतो. होज आणि सीलमधून वर्षानुवर्षांत थोडा झिरपतो, पण एका हंगामात संपत असेल तर गळती आहे. ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणार, आणि जाताना कॉम्प्रेसरचं ऑइलही थोडं घेऊन जाणार. जास्त भरला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो. किती ग्रॅम हवा ते बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. छोट्या गाड्यांत तो अर्ध्या किलोच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असतो, म्हणजे अंदाजानं चार पफ मारण्याची ही गोष्टच नव्हे.

कंडेन्सरवर पाणी? तो रेडिएटरच्या पुढे, गाडीच्या नाकाशी असतो. डॅशबोर्डच्या जाळ्यांतून येणारी हवा त्याला शिवतही नाही. धुतल्यानं गारवा सुधारेल, झोत नाही. प्रेशर गन जवळून मारली तर त्याचे नाजूक पत्रे मात्र वाकतील.

गॅरेजमध्ये गेल्यावर नुसतं "एसी चालत नाही" सांगितलं की समोरचा आधी गॅसचा सिलिंडरच ओढणार. त्यापेक्षा "वारा कमी येतो, एसी बंद असतानाही" किंवा "वारा जोरात येतो पण गार नाही" असं नेमकं सांगा. तरीही गॅसवरच गाडी आली, तर जुना गॅस मशीननं काढून किती ग्रॅम भरला ते विचारा आणि तो आकडा बिलावर लिहून घ्या.