जडभरत, माझं मांजर आणि तुमचे तीन आक्षेप

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया बोचरी आहे, पण विचार करून लिहिलेली आहे. 'तुमच्या मताचा आदर आहे' एवढं म्हणून बाजूला होता आलं असतं, पण ते तुम्हालाही रुचलं नसतं. तेव्हा सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी आधी संदर्भ. हरवलेल्या मांजरीला शोधताना देवाच्या दयेबद्दल मला काय उमगलं, ते मी मागच्या लेखात लिहिलं होतं. ती शेवटपर्यंत सापडली नाही, हेही लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप तीन. पहिला, ही भक्ती नाही, निव्वळ मोह आहे, आणि पाडसापायी हरणाचा जन्म घ्यावा लागलेला भरत मी सोयीस्करपणे विसरले. दुसरा, मी स्वतःच्या भावनेच्या मापानं देव बेतला. तिसरा तुमच्याच शब्दांत: 'देव एवढा दयाळू होता, तर मांजर घरी का आलं नाही?'

आधी भरत, कारण तुमचा सगळा भर त्याच्यावर आहे. भागवताच्या पाचव्या स्कंधातली ही कथा आपल्याला बहुतेक वेळा ऐकीव सारांशातून माहीत असते. राजानं राज्य सोडलं, हरणात गुंतला, हरीण झाला, संपलं. मुळात काय आहे ते पाहा. ऋषभदेवांचा हा मुलगा सगळं सोडून गंडकीच्या काठी पुलहाश्रमात राहत असतो. एक गाभण हरिणी पाण्यावर येते, सिंहाची डरकाळी ऐकून बिथरते, उडी घेते. त्या धक्क्यानं पोटातलं पाडस प्रवाहात पडतं आणि हरिणी मरते. भरत वाहून जाणाऱ्या पाडसाला उचलून आणतो. इथवर ग्रंथ त्याला दोष देत नाही. दोष पुढे सुरू होतो आणि कुठे होतो तेही नीट सांगितलेलं आहे: यमनियम सुटत गेले, पूजा सुटली, एकेक करत सगळं गळून पडलं. पाडस आत आलं हे बिघडलं नाही, त्याच्यासाठी बाकी सगळं बाहेर गेलं हे बिघडलं. या दोन गोष्टी तुमच्या प्रतिक्रियेत एकच झाल्या आहेत.

आठव्या अध्यायातला एक भाग तर तुम्ही मुद्दाम वाचावा असा आहे. हरीण दिसेनासं होतं आणि भरत सैरभैर होतो. येईल ना परत? लांडग्यानं तर धरलं नसेल? जमिनीवर खुरांचे ठसे दिसले, तर ती जमीनच भाग्यवान म्हणतो. चंद्रावरचा डाग त्याला हरणासारखा दिसतो, आणि वाटतं की आई मेलेल्या, वाट चुकलेल्या माझ्या पाडसाला चंद्रानंच दया येऊन जवळ घेतलं असावं. भागवत हे सगळं भ्रम म्हणूनच सांगतं, मला मान्य आहे. पण हे लिहिणाऱ्याला हरवलेलं जनावर शोधणारा माणूस आतून बाहेरून ठाऊक होता. आणि भ्रमात का होईना, भरत आभाळात काय शोधतो ते पाहा. आपल्या हातात काही उरलं नाही, की माणूस त्या जिवाला कोणाच्या तरी दयेवर सोपवून देतो. लेखात मी ज्याला प्रार्थना म्हटलं, ती एवढीच होती.

तुम्ही गोष्ट हरणाच्या जन्मापाशी थांबवलीत. ती तिथे थांबत नाही. हरणाच्या देहातही भरताची पूर्वस्मृती शाबूत राहते, पूर्वी केलेल्या भगवंताच्या आराधनेमुळे. तुम्ही या जन्माला शिक्षा म्हणता. शिक्षाच द्यायची होती, तर आठवण कशाला ठेवली? सगळं विसरून गवत खात सुखानं जगला असता. मला त्या राखलेल्या आठवणीत कोणीतरी त्याचा हात सोडलेला नाही, असं दिसतं. पुढचा भाग तुमच्या बाजूचा आहे, तोही सांगून टाकते: जन्मदात्या हरिणीला सोडून तो आश्रमाकडे परततो आणि पुन्हा कोणात गुंतायला नको म्हणून जपून राहतो.

पण तिसरा जन्म? तिथे तो जडभरत आहे, म्हणजे पुन्हा गुंतायला नको म्हणून मुद्दाम जड, वेडसर माणसासारखा वावरणारा भरत. राजा रहूगणाच्या पालखीला एक भोई कमी पडतो, म्हणून याला धरून आणतात. पालखी हिंदकळायला लागते. का? हा बाणाएवढ्या अंतरापर्यंतची पुढची जमीन बघत पाऊल टाकतो, त्यामुळे बाकीच्या भोयांशी त्याची चाल जुळत नाही. पायाखाली जीवजंतू येऊ नयेत म्हणून, असा त्याचा अर्थ टीकाकारांनी उलगडला आणि परंपरेनं तोच धरला. म्हणजे ज्याला एका पाडसापायी दोन जन्म मोजावे लागले, तो तिसऱ्या जन्मी कठोर झालेला नाही. मुंगीसाठी राजाची पालखी हिंदकळू देतो आणि त्याबद्दल राजाची बोलणी खातो. धडा जर 'जनावरांवर जीव लावू नका' असा असता, तर हा प्रसंग तिथे कशाला आला असता?

आणि भरताची साक्ष काढताना युधिष्ठिर कसा सुटला? महाप्रस्थानात वाटेतून सोबत आलेल्या कुत्र्याला सोडल्याशिवाय स्वर्ग नाही, असं इंद्र सांगतो. वर टोचून विचारतो की भावांना आणि द्रौपदीला मागे टाकून आलास, मग याचंच काय एवढं? युधिष्ठिराचं उत्तर कोरडं वाटेल इतकं स्वच्छ आहे. ते मेले होते, मेलेल्यांसाठी मला काही करता येत नव्हतं, जिवंत असताना मी त्यांना सोडलं नाही. आश्रयाला आलेल्या या जिवंत जिवाला मात्र सोडणार नाही. तो कुत्रा म्हणजे धर्मच होता, हे नंतर कळतं. ठरवताना युधिष्ठिराला ते माहीत नव्हतं. मोह आणि दया यांच्यातली रेघ कुठे आहे, याचं या दोन कथांइतकं चांगलं उत्तर मला तरी कुठे मिळालेलं नाही, आणि ती रेघ प्राणी आणि देव यांच्या मधून जात नाही एवढं दोन्हीकडे स्पष्ट आहे.

आता माझ्या मूळ मुद्द्याकडे येते, कारण आक्षेपांच्या गर्दीत तो बाजूलाच राहिला.

मांजर हरवलं की माणूस हाका मारत लांब लांब फिरतो. घरातलं मांजर अनोळखी जागी अडकलं की बहुधा उलटं करतं. जवळच कुठल्यातरी फटीत, अडगळीत शिरतं आणि गप्प बसतं. भीतीनं किंवा दुखण्यानं ते इतकं आक्रसतं, की रोजच्या ओळखीची हाक ऐकूनही ओ देत नाही. आवाज केला तर शिकार होऊ, ही त्याच्या अंगातली फार जुनी शहाणीव असते. म्हणून शोधणाऱ्याला रात्री, सगळं सामसूम झाल्यावर बॅटरी घेऊन निघावं लागतं. मांजराच्या डोळ्यांत मागे प्रकाश परतवणारा एक पडदा असतो, त्यामुळे अंधारात डोळे चमकतात. ते दिसले तर दिसले. हाकेला उत्तर येईल या आशेवर शोध चालतच नाही.

हे समजल्यावर माझ्यात काय बदललं ते सांगते. ती ओ देत नाही याचा मला राग येईना. इतकी वर्षं सांभाळलं आणि हाकेलाही जागली नाही, हा विचार मनात शिरायलाच तयार नव्हता. ती गप्प का आहे हे मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. तिची लायकी, तिचे उपकार, तिनं फाडलेले पडदे यांतलं काहीच हिशेबात नव्हतं. तिनं माझी हाक ऐकली नाही तर माझं शोधणं कमी होत नव्हतं, उलट तिची भीती कळल्यामुळे ते अधिक हळुवार होत होतं. मग मला स्वतःची प्रार्थनेतली वर्षं आठवली. कितीतरी काळ मी कुठल्यातरी फटीत गप्प बसून काढला आणि वर समजत आले, की मी ओ देत नाही म्हणून पलीकडचा रुसला असेल. ज्या गोष्टीसाठी मी एका मांजरीला क्षणभरही दोषी धरलं नाही, त्याच गोष्टीसाठी देव मला दोषी धरत असेल, असं मी इतके दिवस का मानलं? माझ्या लेखात म्हणण्यासारखं एवढंच होतं.

हा विचार नवा नाही. वैष्णव आचार्य रामानुजांच्या परंपरेत यावरून दोन पक्षच पडले. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून राहतं, मांजराचं पिल्लू काहीच धरत नाही, आईच त्याला तोंडात उचलून नेते. भक्तानं धरायचं की देवानं उचलायचं, हा त्यांचा वाद. माझा कल मांजराकडे आहे, हे आता सांगायला नको.

दुसरा आक्षेप मापाचा. छोट्या मायेवरून मोठ्या दयेकडे जाता येत नाही, असं तुमचं म्हणणं. बायबलच्या जुन्या करारात योना संदेष्ट्याचं छोटंसं पुस्तक आहे, त्याचा चौथा अध्याय बघा. निनवे शहराचा नाश टळला म्हणून योना चिडून शहराबाहेर बसलाय. देव त्याच्यावर सावली धरायला एक वेल उगवतो, दुसऱ्या दिवशी कीड लागून तो वेल वाळतो आणि योना मरण मागण्याइतका दुखावतो. यावर देव काय म्हणतो? वेलाचं दुःख करणं चुकीचं, असं तो म्हणत नाही. जो वेल तू लावला नाहीस, वाढवला नाहीस, त्याची तुला एवढी कळवळ, तर मग ज्या निनवेत 1,20,000 हून अधिक माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरं आहेत, तिची कीव मी करू नये का? पुस्तक या प्रश्नावर संपतं आणि त्या प्रश्नात शेवटी गुरंढोरं येतात. वेलापासून निनवेपर्यंतची वाट देव स्वतःच दाखवतो. त्याच वाटेनं मी मांजरीपासून निघाले, तर एवढं काय बिघडलं?

शिवाय तुमचा दुसरा आणि तिसरा आक्षेप एकमेकांच्या पायात येतात, हे लिहिताना तुमच्या लक्षात आलं नसावं. दुसऱ्यात तुम्ही सांगता की देवाला माणसाच्या भावनेनं मोजू नका. तिसऱ्यात लगेच विचारता की मग तो दयाळू कसला. हे विचारायला तुम्ही माप आणलं कुठून? कोणावर तरी जीव लावला होता, त्यातूनच ना?

तरीही तिसरा प्रश्न खराच आहे. त्यावर नेहमी दिली जाणारी दोन उत्तरं मला पटत नाहीत. 'ती चांगल्या जागी गेली' हे सांगणाऱ्याला ठाऊक नसतं, ऐकणाऱ्याला त्याचा उपयोग नसतो. दुसरं उत्तर जरा हुशार आहे: जनावरांच्या डॉक्टरकडे नेलेल्या प्राण्याला सुईमागची माया कळत नाही, तसं आपल्यालाही देवाचं कळत नाही. पण आपण सुई टोचतो, कारण आपल्याकडे दुसरा इलाज नसतो. सर्वसमर्थाला ही सबब चालत नाही. मी तिला शोधलं आणि ती मिळाली नाही, कारण माझी बॅटरी, माझे पाय, माझी रात्र हे सगळं मर्यादित होतं. देवाच्या बाबतीत हा भाग लागू पडत नाही, आणि माझ्या अनुभवावरून तो लागू पाडून दाखवण्याचा माझा हट्टही नाही. दया कशी असते ते मला त्या शोधातून कळलं. सामर्थ्य असूनही ती कधी कधी हात का आखडते, ते कळलं नाही. देवाशी माझं भांडण त्या एका जागेवर चालू आहे, आणि देवाशी भांडणारी मी पहिली नाही.

राहता राहिली तुमची टोमणेवजा ओळ, की रोज कितीतरी मांजरं मरतात, त्यांच्यासाठी कोण रात्री बॅटरी घेऊन फिरतं. बहुतेक कोणीच नाही. हिच्या आधी मीही फिरत नव्हते, आता कधी कधी फिरते. याला वाटलं तर मोह म्हणा.

एक विनंती आहे. पाचव्या स्कंधाचा दहावा अध्याय, पालखीचा, एकदा पूर्ण वाचा. रहूगण आधी टोमणे मारतो, मग पालखीतून उतरून पाया पडतो, आणि जडभरत त्याच्याशी शांतपणे बोलत राहतो. तुमच्या 'मोहा'च्या व्याख्येत हा जडभरत कुठे बसतो, ते लिहा. मी वाट बघते.