‘मालक कोणी का असेना’ म्हणणाऱ्या काकांना

नमस्कार काका,

(प्रतिक्रियेत तुम्ही वय 71 लिहिलंय, म्हणून काका म्हणतोय. आवडत नसेल तर कळवा.)

तुमची प्रतिक्रिया दोन वर्षं जुन्या लेखाखाली आहे आणि तिथवर सहसा कुणी जात नाही, म्हणून तिचा सारांश इथे देतो. एव्हर्टन हा इंग्लंडमधला फुटबॉल क्लब कोण विकत घेणार यावर मी सव्वा वर्षात अकरा लेख पाडले आणि त्यातले बहुतेक अंदाज चुकले. पुण्यात बसून लिव्हरपूल शहरातल्या क्लबच्या मालकीची चिंता वाहणं म्हणजे लष्कराच्या भाकऱ्या भाजणं. पुण्याच्या फुटबॉलवर मात्र माझ्याकडून एक ओळ नाही. आणि शेवटी: “मालक कोणी का असेना, खेळ बघावा आणि झोपावं.”

अंदाज चुकले हे कबूल. जानेवारी 2024 मध्ये मी छातीठोकपणे लिहिलं होतं की 777 पार्टनर्स या कंपनीशी मार्चअखेर व्यवहार होणार. मार्चमध्ये प्रीमियर लीगने ‘अटी पूर्ण केल्यात तर’ असं म्हटलं, ते मी ‘हो’ असं वाचलं. तो व्यवहार फिसकटल्यावर आलेल्या अमेरिकेच्या फ्रीडकिन ग्रुपने जुलैत बोलणी सोडली तेव्हा मी क्लबच्या दाराला कुलूप लावून मोकळा झालो. सप्टेंबरात तेच फ्रीडकिन परत आले आणि 19 डिसेंबर 2024 ला क्लब त्यांचा झाला. दोन्ही लेख अजून जागेवर आहेत, काढणार नाही. घरचं कुणी माझा ब्लॉग वाचत नाही, त्यामुळे अब्रू शाबूत आहे.

पण त्या सव्वा वर्षात नेमकं काय चाललं होतं ते एकदा बघा. 15 सप्टेंबर 2023 ला तेव्हाचे मालक फरहाद मोशिरी यांनी जाहीर केलं की आपला 94.1 टक्के हिस्सा मायामीच्या 777 पार्टनर्स या कंपनीला विकतोय. त्यांच्याकडे आधीच जेनोआ, स्टँडर्ड लिएज, वास्को द गामा असे क्लब होते. लीगची मंजुरी यायची होती आणि दरम्यान इकडे नवं स्टेडियम बांधायला काढलेलं, रोजचा खर्च चालू, तिजोरीत खडखडाट. मग क्लबने कर्ज घेतलं कुणाकडून? त्याच 777 कडून, जवळपास 20 कोटी पौंड. स्थळ बघायला आलेल्यांनीच घराचं लाइटबिल भरत राहावं आणि पत्रिका अजून जुळलेली नसावी, तसला प्रकार.

आमचा सहा-सात जणांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. त्यातला एक सीए, टिळक रोडला ऑफिस. तो मूळचा क्रिकेटवाला, फुटबॉलचं त्याला फारसं कळत नाही, पण ताळेबंद दिसला की त्याचे डोळे चमकतात. 30 एप्रिल 2024 च्या सकाळी ग्रुपवर पहिला मेसेज त्याचाच: “विमानं जमिनीवर आली.” ऑस्ट्रेलियातली बोन्झा ही स्वस्तातली विमानसेवा 777 च्या पाठबळावर चालायची. तिची विमानं धनकोंनी ताब्यात घेतली आणि प्रवासी विमानतळावर अडकून पडले. एव्हर्टनच्या पाठीराख्याला ऑस्ट्रेलियातल्या विमानांशी काय देणंघेणं? पण त्या दिवशी आम्ही सगळे तेच वाचत बसलो होतो. चारच दिवसांत न्यूयॉर्कच्या कोर्टात लेडनहॉल कॅपिटल या कंपनीने दावा लावला. आरोप असा की 777 ने तारण म्हणून दाखवलेल्या मालमत्तेतली काही त्यांच्या मालकीची नव्हतीच, तर काही दुसरीकडेही तारण होती. कागद इंग्रजीत, भाषा वकिली, आम्हाला ओ की ठो कळेना. सीएने दोन ओळींत निकाल लावला: “एकच फ्लॅट दोन बँकांकडे गहाण. आणि तिसरा फ्लॅट शेजाऱ्याचा.” 1 जूनला 777 चा करार संपुष्टात आला.

तारखा आमच्या चुकल्या, काका. संशय चुकला नाही.

आता लष्कराच्या भाकऱ्यांबद्दल. माझी आत्या शनिवार पेठेत राहायची. तिच्या ठेवी एका सहकारी बँकेत अडकल्या होत्या. (बँकेचं नाव घेत नाही, पुण्यात प्रत्येकाच्या नात्यात अशी एक बँक असतेच.) किती वर्षं, तर त्या काळात मी कॉलेजातून बाहेर पडलो, नोकरीला लागलो, लग्न केलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती बसने शाखेत जायची. पैसे मिळणार नाहीत हे तिला पक्कं ठाऊक असायचं. शाखेबाहेरच्या कट्ट्यावर दहा-बारा ज्येष्ठ मंडळी जमायची आणि कुठली बँक आपल्याला विलीन करून घेणार यावर खल चालायचा. कोण म्हणे मुंबईची मोठी बँक घेतेय, कोण म्हणे सरकारी घेतेय, कुणाच्या व्याह्याने रिझर्व्ह बँकेतून आतली बातमी आणलेली. आत्याकडे एक शंभर पानी वही होती, तिच्यात कात्रणं चिकटवलेली आणि समासात शिसपेन्सिलीने ‘खोटं’, ‘बघू’, ‘खरं वाटतं’ असे शेरे. ठेवींवरच्या विम्याची मर्यादा 2020 मध्ये 1 लाखावरून 5 लाखांवर गेली तेव्हा तिने त्या कात्रणाला लाल पेनाने चौकट केली. तिचे सात लाख होते.

तिला कुणी “बँक कुणीही घेवो, तुम्ही व्याज मोजा आणि झोपा” असं सांगितलं असतं तर तिने त्याला चहा दिला नसता. ज्याच्या हातात काहीच नाही त्याच्याकडे अंदाज तेवढे असतात. माझे अकरा लेख म्हणजे आत्याचीच वही आहे, फक्त शिसपेन्सिलीचे शेरे नाहीत, ही माझी चूक.

‘खेळ बघावा’ हेही तितकं सोपं राहिलेलं नाही. 17 नोव्हेंबर 2023 ला एव्हर्टनचे एका फटक्यात 10 गुण गेले. गोल खाल्ला नाही, सामना हरले नाहीत. तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन वर्षांत 10.5 कोटी पौंडांपर्यंत तोटा चालायचा, यांचा 12.45 कोटी निघाला. अपिलात 10 चे 6 झाले, पुढे एप्रिलमध्ये आणखी 2 कापले. खेळाडूंनी मैदानावर कमावलेले गुण मालकाच्या हिशेबवहीत गेले, मग हिशेबवही न बघून कसं चालेल? तरी त्याच एप्रिलच्या 24 तारखेला घरच्या गुडिसन मैदानावर लिव्हरपूलला 2-0 हरवलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेलेले, बायको-मुलगी झोपलेल्या, आणि मी उशी तोंडात कोंबून ओरडलो. म्हणजे खेळही बघतो हो, काका.

राहता राहिलं पुणे. इथे तुमचा बाण लागलाय, पण तुम्हाला वाटतो त्या जागी नाही.

2015 मध्ये पुणे एफसी गेला. दोनच वर्षांपूर्वी, 2012-13 च्या आय-लीग या राष्ट्रीय लीगमध्ये तो दुसरा आला होता. त्याच वर्षी भारत एफसी गेला, जेमतेम एक मोसम खेळून. 2017 मध्ये डीएसके शिवाजीयन्स. 2019 मध्ये एफसी पुणे सिटी. चार वर्षांत चार क्लब, एकाच शहरात. यातल्या एकाबद्दलही मी अकरा लेख लिहू शकलो नाही, कारण अंदाज बांधायला वेळच मिळाला नाही. आज चर्चा, उद्या बातमी, परवा पाटी उतरलेली.

मार्च 2018 मध्ये बालेवाडीला एफसी पुणे सिटीचा इंडियन सुपर लीगच्या उपांत्य फेरीच्या दोन सामन्यांपैकी पहिला सामना होता, बंगळुरूविरुद्ध. 0-0. सिमेंटच्या पायऱ्या दिवसभर तापलेल्या, रात्रीही खालून शेक लागत होता. शेजारी म्हाळुंग्याचे दोन भाऊ बसले होते, थोरल्याने धाकट्याला खांद्यावर घेतलेलं, आणि धाकटा दर कॉर्नरला थोरल्याचे केस ओढायचा. चार दिवसांनी बंगळुरूत छेत्रीने तीन गोल केले आणि आपण बाहेर. पुढच्या वर्षी बघू, असं म्हणत घरी गेलो. त्यानंतर पुण्याला एकच मोसम मिळाला. ऑगस्ट 2019 अखेर पुण्याची जागा हैदराबादला गेली. त्यांनी 2022 मध्ये विजेतेपद मिळवलं, आणि 2025 मध्ये तो क्लबही दिल्लीला हलला. रेशनकार्डावरचा पत्ता बदलावा तसं.

त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडात बरी नावाचा क्लब बुडत होता. 1885 चा क्लब, आदल्या डिसेंबरात एका पौंडाला विकला गेलेला. नवा खरेदीदार येणार अशी कुजबुज होती, म्हणून शेकडो लोक झाडू-फडकी घेऊन आपलं स्टेडियम साफ करायला गेले. खुर्च्या पुसल्या, गवत काढलं. शनिवारी सामना होईल या आशेवर. खरेदीदाराने ऐनवेळी माघार घेतली आणि 27 ऑगस्टला क्लब लीगमधून काढला गेला. मी तो फोटो बघत होतो, एक आजी खुर्ची पुसतायत. मला आठवलं, बालेवाडीला आपल्यापैकी कुणी झाडू घेऊन गेलं नव्हतं. मीही नाही. क्लब कुणाला विकला जातोय, का विकला जातोय, हे विचारायला आम्ही चार टाळकीसुद्धा जमलो नाही. एव्हर्टनच्या वेळी मी जो विमानकंपन्यांपर्यंत पोचलो, तो तेव्हाचं न विचारलेलं भरून काढत होतो, असं आता वाटतं. हे तुमच्या प्रतिक्रियेमुळे सुचलं, त्याबद्दल आभार मानायला हवेत, थोडेसे मानतो.

पीडीएफए, म्हणजे पुणे जिल्हा फुटबॉल संघटनेच्या लीगवर लिहिलं नाही, ही मात्र निव्वळ हयगय. एसएसपीएमएस शाळेच्या मैदानावरून आठवड्यातून दोनदा स्कूटरवरून जातो, आत डोकावतो, पुढे जातो.

तेव्हा एक करा. तुम्ही प्रतिक्रियेत ओझरतं लिहिलंय की लहानपणी खडकीत वडिलांबरोबर सामने बघायचात, आणि एक संघ होता जो ‘नंतर दिसेनासा झाला’. तेवढ्यावर सोडू नका. कोणता संघ, बूट कोण पुरवायचं, प्रवासाचे पैसे कुठून यायचे, आणि दिसेनासा झाला म्हणजे नक्की काय झालं, सगळं लिहून पाठवा. लिहायचा कंटाळा असेल तर रविवारी सकाळी मी येतो, तुम्ही सांगा, मी टाइप करतो.

आणि हो, त्याचा मालक कोण होता तेही आठवून ठेवा.