बॅटरी नाही हो, आधी स्पार्क बघा!

बाबांची जुनी गाडी चालू होत नाही म्हटलं की धरमपेठेतला प्रत्येक जण एकच बोलतो, "भाऊ, बॅटरी बदला." अरे, स्टार्टर गरगर फिरतोय, मग बॅटरी काहून बदलायची? चार महिन्यांत दोन बॅटऱ्या झाल्या, पेट्रोल-हवा मिसळणारा कार्ब्युरेटर तीनदा खोलला! एकानं तरी स्पार्क प्लग काढून, इंजिनाला टेकवून ठिणगी पाहिली? प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण उघडलं?

काल शेवटी मीच उघडलं. आतले पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे तुकडे, काळेठिक्कर, मधली फट जवळजवळ बंद. पॉलिश पेपरचे दोन हात मारले, फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्टीनं, फट लावली, पहिल्याच सेल्फला सुरू! आणि नागपूरच्या ४५ डिग्रीत पेट्रोलची पाइपातच वाफ होते अन् गाडी अडते, हे कोणी सांगतं का? आधी तपासा ना, मग पाना लावा!