लाडक्या दहा गोष्टींची यादी करताना घ्यावयाची काळजी

तुमच्या लाडक्या दहा गोष्टी अजून इन्स्टाग्रामवर जाहीर झाल्या नसतील, तर तुम्ही कुठल्या जगात आहात? शेजारच्या वहिनींच्या झाल्या, ऑफिसातल्या नवीन पोरीच्या झाल्या, परवा आमच्या सोसायटीतल्या आठवीतल्या मुलीने ‘माय फेव्हरेट्स’ म्हणून नखांना लावायच्या तेलासकट दहा वस्तू मांडल्या. दिवाळी तोंडावर आलीय. हा सीझन हुकला तर थेट गुढीपाडवा. तेव्हा उठा, कामाला लागा. सल्ला फुकट देतेय. माझ्या नावाचा सवलतीचा कोड, त्यावर मला कमिशन वगैरे काही नाही.

पहिली अट अशी, की वस्तू वापरलेली नसावी. वापरलेल्या वस्तूला डाग पडतात, कड उडते, फोटोत ती केविलवाणी दिसते आणि मुख्य म्हणजे ती आता दुकानात मिळत नाही. माझी खरीखुरी लाडकी वस्तू म्हणजे मूठ निघालेलं एक वाकडं उलथणं. घावन त्याच्यावाचून सुटत नाही. पण त्याच्यावर मला कमिशन कोण देणार? तेव्हा लाडकी वस्तू काल संध्याकाळच्या कुरियरने आलेली असावी, आणि ‘गेली कित्येक वर्षं हिच्याशिवाय माझ्या घरात पान हलत नाही’ असं तिच्याबद्दल आज सकाळी लिहिता यावं.

कपड्यांमध्ये खण घ्या. खणाची चोळी नको हं, ती सगळ्यांच्याच आज्या घालायच्या. खणाची साडी, खणाचा कुर्ता, उशीचे अभ्रे, दिव्याची शेड, लॅपटॉपची पिशवी, टिश्यूच्या डब्याला खणाचा अंगरखा. गुळेदगुड्डचं नाव मात्र काढू नका. ते गाव बागलकोट जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात निघतं आणि तुमच्या ‘मराठमोळ्या’ हॅशटॅगची पंचाईत होते. कापड पॉलिस्टरचं असलं तरी बिघडत नाही. ‘अजिबात चुरगळत नाही’ असं कौतुकाने लिहा. पॉलिस्टर कशाला चुरगळेल?

कोल्हापुरी चप्पलही हवीच. २०२५ च्या जूनपर्यंत ती तुम्हाला गावठी वाटत होती, मग मिलानच्या रॅम्पवर प्रादा या इटालियन फॅशन कंपनीने तशीच चप्पल चालवली आणि रातोरात ती तुमची अस्मिता झाली. उत्तम. भौगोलिक मानांकन, म्हणजे ‘कोल्हापुरी’ हे नाव लावायचा हक्क, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना आहे, पण तुम्ही रेग्झिनच्या तळव्याची निवडा आणि ‘भर पावसात घाला, काही होत नाही’ अशी ग्वाही द्या. बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याचं पावसात काय होतं, ते आम्हाला ठाऊक आहे. ज्या चपलेचं काही होत नाही, ती कुठली तेही ठाऊक आहे.

सौंदर्य : चेहऱ्याला हळद-लिंबू लावून उन्हात बसायला सांगा, म्हणजे डागांवरचं सीरम पुढच्या महिन्याच्या यादीत घेता येईल.

खाण्यापिण्यात पितळेची कढई आली की अर्धं काम झालंच. पिवळीधमक कढई, मागे केळीचं पान, आत चिंचगुळाची आमटी रटरटतेय. कढई आतूनही तशीच पिवळीधमक दिसली पाहिजे. कल्हई केली की आतून पांढरी होते, मग ती ‘एस्थेटिक’ राहत नाही. पितळेत आंबट कळकतं, म्हणून आमच्या आया दारावर कल्हईवाला आला की सगळी भांडी बाहेर काढायच्या. तो धूर, तो नवसागराचा वास, कापसाच्या बोळ्याने एका फटक्यात चकाकणारं पातेलं. पण एवढं कोण सांगत बसणार? पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत आमटी तरी उकळते का? त्याच हातासरशी तांब्याच्या बाटलीत लिंबूपाणी भरून ‘डिटॉक्स’ही उरकून घ्या. ज्यांना मळमळेल ते कॉमेंट करणार नाहीत.

तुपाच्या बरणीवर ‘ए टू’ असावं, म्हणजे देशी गाईच्या खास दुधाचं म्हणे. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने असले दावे काढायला सांगितले आणि आठवड्याच्या आत तो आदेश मागेही घेतला, तेव्हा रान मोकळं आहे.

घर सजवताना जात्याचं टीपॉय, घंघाळात झेंडूची फुलं, भिंतीवर वारलीचा छापील वॉलपेपर. पाट्यावर पुस्तकं रचा. मिक्सर कपाटात लपवा.

आता पैठणी. इथे जरा सावकाश जाऊ, कारण यादी खरी इथेच कमावते.

फोटोत वाड्याचा दिंडी दरवाजा असावा, नाकात नथ, हातावर पसरलेला पदर. खाली लिहायचं : ‘प्युअर सिल्क, हँडलूम, अस्सल येवला. माझ्या कपाटातली सगळ्यात लाडकी.’ पंधरा हजार नऊशे नव्व्याण्णववर काट मारून सहा हजार चारशे नव्व्याण्णव, त्यात तुमच्या नावाचा कोड टाकला की आणखी दहा टक्के कमी. आमच्या मावशीची एकसष्टी होती. आम्ही सगळ्या भावंडांनी वर्गणी काढली आणि अशाच एका यादीतली जांभळी पैठणी मागवली. मावशीचं सासर येवल्याचं. तिच्या बोळात सकाळपासून माग खटखटत असतात. तिने साडी मांडीवर घेतली, पदर एकदा उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाली, ‘रंग छान आहे गं.’ बस. पुढे एक शब्द नाही. केक आला, औक्षण झालं, फोटो झाले आणि ती साडी तिने डब्यात जशी होती तशी घालून ठेवली.

हातमागाच्या पैठणीत एकेक रंग वेगळ्या तिल्लीवरून आडव्या धाग्यात गुंफतात. त्यामुळे पदरावरचा मोर पुढून जसा दिसतो तसाच मागून दिसतो. म्हणूनच एका पदराला आठवडे लागतात, भारी साडीला महिने, आणि म्हणूनच ती त्या किमतीत येऊच शकत नाही. आमच्या मोराच्या पाठीवर कापलेल्या धाग्यांचं गवत होतं आणि ते टोचू नये म्हणून वर जाळी लावलेली. जॅकार्डच्या, म्हणजे नक्षी आपोआप विणणाऱ्या यंत्रावर निघालेला मोर. अस्सल रेशमाची खूण म्हणून असतं ते सिल्क मार्कचं लेबल नाही, हातमागाचा शिक्का नाही. २०१० साली पैठणीला मानांकन मिळालं, ते काय पोस्टखाली हॅशटॅग म्हणून लावायला?

मग परतीची गंमत. ‘अनबॉक्सिंग व्हिडिओ पाठवा मॅम.’ पार्सल फोडण्याआधीपासून, पत्त्याची चिठ्ठी दिसेल असा, मध्ये न थांबवलेला. नाहीतर तक्रार ग्राह्य धरली जाणार नाही. अहो, भेटवस्तू होती ती! एकसष्टीच्या बाईला सांगू का, की मावशी थांब, एका हाताने हळदकुंकू घे आणि दुसऱ्या हाताने मोबाइल धर? तरी सगळे फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘डिअर कस्टमर, कलर मे व्हेरी ड्यू टू लाइटिंग.’ रंगाबद्दल कोणी काही बोललं होतं का? रंग छानच होता, मावशी म्हणाली की तसं! शेवटी जिच्या लाडक्या गोष्टींत ती साडी होती, तिलाच मेसेज केला. उत्तर आलं : ‘ताई, मी फक्त शेअर केलं होतं. मी विकत नाही. पॉझिटिव्ह राहा.’ आणि ब्लॉक. पुढच्या यादीत बाईंची सगळ्यात लाडकी पैठणी दुसऱ्याच दुकानाची. कोडही नवा.

तेव्हा तुम्हीही हेच करा. शेअर करा, विकू नका, म्हणजे...

नाही, पुरे झाला हा सल्ला. मला हसून बोलवत नाहीये.

पैसे घेऊन लिहिता, तर वर ठळक अक्षरांत ‘जाहिरात’ लिहा. जाहिरात क्षेत्राच्या मानक परिषदेने २०२१ मध्येच हे सांगितलंय, केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये पुन्हा सांगितलं. ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे, पुन्हा केली तर पन्नास लाखांपर्यंत. पंचवीस हॅशटॅगांच्या खाली बारक्या अक्षरांत ‘कोलॅब’ लिहिलं की झालं, असं वाटतं का तुम्हाला? कोणाला दिसतं ते? दिसू नये म्हणूनच तिथे लिहिता ना?

आणि स्वस्त विकण्यात काहीच वाईट नाही. सेमी पैठणी, म्हणजे यंत्रावरची, खुशाल विका, हजारो बायका हौसेने नेसतात, मीही नेसते. पण तिला सेमी म्हणा. दादरला नाहीतर लक्ष्मी रोडला दुकानात गादीवर बसलेला माणूस तोंडावर सांगतो, ‘ताई, ही सेमी आहे, हातमागाची दाखवू का? बजेट सांगा.’ त्याने आयुष्यात एकदाही ‘माझी लाडकी’ म्हटलेलं नाही, पण त्याच्या दुकानातून निघताना आपल्याला काय घेतलंय ते माहीत असतं. तुम्ही ‘हँडलूम’ म्हणून यंत्रावरची खपवता, तेव्हा येवल्यात मागावर वाकून बसलेल्या माणसाला त्याची किंमत सांगायची लाज वाटायला लावता. गिऱ्हाईक त्याला मोबाइल दाखवतं : ‘ही बघा, साडेसहा हजारांत मिळतेय, तुम्ही काय लुटताय?’ लुटारू तो ठरतो. तुम्ही पॉझिटिव्ह राहता.

लाडकी आहे ना ती साडी तुमची? कपाटात आहे ना? मग पुढच्या व्हिडिओत एकदा पदर उलटा करून दाखवा.