‘बीच कापा, मेपल वाचवा’ म्हणणाऱ्यांना माझं उत्तर

ईशान्य अमेरिकेत, म्हणजे न्यू हॅम्पशायर, व्हरमाँट, मेन आणि न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेकडे, सध्या एक सल्ला खूप फिरतोय आणि आपली मराठी मंडळीही तो पुढे पाठवतायत, कारण इथे बऱ्याच जणांच्या घरामागे एकदोन एकर जंगल असतं. सल्ला असा की बीच हे झाड रोगाने मरणारच आहे, ते जंगलातलं तण आहे, मेपलला वर येऊ देत नाही, प्राण्यांनाही त्याचा उपयोग नाही, तेव्हा दिसेल तो बीच तोडा, जंगल आपोआप सुधारेल. यातली एकदोन वाक्यं अर्धी खरी आहेत आणि म्हणूनच लोकांना पटतात, पण प्रत्यक्षात असं केलं तर जंगलाचं मोठं नुकसान होईल, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितोय.

“सगळे बीच मरणारच आहेत.” नाही, सगळे नाही मरत. सालीचा रोग भयंकर आहे यात वाद नाही. 1890 च्या सुमाराला युरोपातून आणलेल्या बीचच्या रोपांबरोबर एक खवलेकीड कॅनडातल्या हॅलिफॅक्सला उतरली आणि तिथून दक्षिणेला आणि पश्चिमेला पसरत गेली. कीड मिलिमीटरभरसुद्धा नसते, पंख नाहीत, सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी घालतात, पिल्लं वाऱ्यावर उडत पुढच्या झाडावर जातात. ती साल टोचून रस पिते आणि अंगावर पांढरी मेणचट लोकर काढते, म्हणून खोडावर चुना उडाल्यासारखं दिसतं. टोचलेल्या जागेतून मग बुरशी आत शिरते, सालीवर बारीक लाल ठिपक्यांचे पुंजके येतात, साल फुटते, आणि कितीतरी झाडं उभ्याउभी मधूनच मोडतात. रोगाच्या पहिल्या लाटेत मोठ्या झाडांपैकी साधारण निम्मी जातात.

पण याच जंगलात साधारण शंभरात एखादं झाड असं सापडतं की ज्याची साल अजून राखाडी, गुळगुळीत, स्वच्छ आहे, शेजारची झाडं फोडांनी भरलेली असताना. हे बहुतेकदा नुसतं नशीब नसतं, त्या झाडावर कीड टिकतच नाही. शास्त्रज्ञांनी हे तपासायची साधी युक्ती काढली आहे, किडीची अंडी फोमच्या तुकड्याला लावून तो तुकडा खोडावर बांधायचा आणि वर्षभराने सोडून बघायचं. प्रतिकारक झाडावर कीड टिकलेली नसते. अमेरिकेच्या वन खात्याच्या ओहायोतल्या डेलावेअर इथल्या केंद्रात अशा झाडांच्या फांद्यांवरून कलमं तयार करतात, आणि त्यांच्या बियांपासून रोपं करताना दोन्ही पालक प्रतिकारक असले तर साधारण निम्मी रोपं तशीच निघतात असं दिसलंय. आता “दिसेल तो बीच तोडा” म्हटलं की हे शंभरातलं एक झाडही जाणार. चेस्टनट या इथल्याच दुसऱ्या झाडाच्या बाबतीत हेच झालं होतं, 1904 मध्ये न्यूयॉर्कला करपा दिसला आणि मग नाहीतरी मरणारच आहेत म्हणून लाकडासाठी चांगली झाडंही सरसकट तोडली गेली, त्यात वाचू शकणारी किती होती हे आता कोणालाच कळणार नाही, आणि याचं मला खरंच फार वाईट वाटतं.

“ते तण आहे.” बीच इथलंच झाड आहे, तीनशे-चारशे वर्षं जगू शकतं, गडद सावलीत वर्षानुवर्षं वाट बघत उभं राहतं. हां, आज कितीतरी ठिकाणी बीचच्या पोरांची दाट जाळी झालीये आणि तिच्याखाली मेपलचं रोप तगत नाही हे खरं आहे. पण ती जाळी झाली कशी ते बघा ना. हरणं मेपलची कोवळी रोपं आवडीने खातात आणि बीच सहसा सोडून देतात, शिवाय आम्लपावसाने इथल्या मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलंय, ते शुगर मेपलला (ज्याच्या रसाचा गोड पाक करतात तो मेपल) जास्त लागतं आणि बीचला कमी. न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक जंगलात 1999 मध्ये एका अख्ख्या पाणलोटावर हेलिकॉप्टरने कॅल्शियमचं खनिज टाकलं, तर मेपलची तब्येत सुधारली, रोपंही जास्त जगली. तिथे मेपलला कॅल्शियम कमी पडत होतं.

“कापलं की संपलं.” हा तर सगळ्यात उलटा मुद्दा. केळीला मुनवे येतात तसे बीचला मुळांतून फुटवे येतात, आणि खोड तोडलं, मुळं दुखावली, वर ऊन पडलं की ते आणखी जोरात येतात. म्हणजे रोगट झाड नुसतं तोडून टाकलं तर त्याच रोगाला बळी पडणाऱ्या त्याच झाडाच्या डझनावारी प्रती उगवतात. जाळी वाढायचं एक मोठं कारणच ही तोड आहे. जाणकार फॉरेस्टर, म्हणजे वनतज्ज्ञ, म्हणूनच ताज्या बुंध्यावर तणनाशक लावतात, पण तेसुद्धा बघून, कारण मुळं जोडलेली असतात आणि औषध शेजारच्या फुटव्यांपर्यंत जातं. प्रतिकारक झाडं बऱ्याचदा घोळक्याने असतात, एकाच मुळाची, तेव्हा चांगल्या झाडाच्या आसपास हे औषध लावूच नये.

“प्राण्यांना उपयोग नाही” यावर जास्त लिहायची गरज नाही. बीचच्या बिया तेलाने आणि प्रथिनांनी भरलेल्या असतात. उत्तर मेनमध्ये ओक फारसे नाहीत, तिथे शरद ऋतूत काळ्या अस्वलांची भिस्त याच बियांवर, आणि बिया भरपूर आलेल्या वर्षानंतर पिल्लं जास्त जन्मतात असं तिथल्या अभ्यासात दिसलंय. जुन्या बीचच्या सालीवर अस्वलाच्या नखांचे काळे ओरखडे वरपर्यंत गेलेले दिसतात, माणसाच्या हाताच्याही खूप वर. पुरेशा बिया यायला झाडाला चाळीसेक वर्षं लागतात, त्यामुळे मोठी झाडं तोडली की पुढच्या कितीतरी वर्षांचं खाणं गेलं.

आता शेवटचं, “पानांचा नवा रोग आलाय, मग वाचवायचं तरी कशाला.” ही भीती खरी आहे. 2012 मध्ये ओहायोत हा रोग पहिल्यांदा दिसला आणि आता न्यू इंग्लंडभर, म्हणजे ईशान्येच्या टोकाच्या या राज्यांत, आहे. कारण आहे एक सूत्रकृमी, आपल्याकडे डाळिंबाच्या मुळांना गाठी आणणारे असतात त्यांच्यातलाच प्रकार, पण हा हिवाळ्यात कळीत राहतो आणि वसंतात पान उघडतं तेच पट्टे घेऊन. पान प्रकाशासमोर धरून खालून बघा, शिरांच्या मधे गडद हिरवे पट्टे दिसतील. सालीच्या रोगाला तोंड देणारं झाड यातही वाचेलच असं नाही, दोन्ही रोग वेगळे आहेत. अंगणातल्या एखाद्या झाडाला औषध देता येतं, अख्ख्या जंगलाला नाही. पण यातूनही कुठली झाडं टिकतात हे कळायला झाडं उभी तर हवीत, आणि पट्टे दिसले म्हणून घाईने करवत लावली तर ते कधीच कळणार नाही.

तुमच्या जागेत मोठा, स्वच्छ सालीचा बीच असेल तर शरदात दुर्बिणीने फांद्यांपर्यंत बघा, कुठे पांढरी लोकर आहे का ते तपासा, आणि नसेल तर खोडाला रंगीत फीत बांधून ठेवा म्हणजे लाकूडतोड्याच्या हातून चुकून जाणार नाही. न्यू हॅम्पशायरमध्ये विद्यापीठाच्या एक्स्टेन्शनचे (लोकांना सल्ला देणाऱ्या विभागाचे) काउंटी फॉरेस्टर फुकट येऊन जंगल बघून जातात, तोडीचा करार करायच्या आधी त्यांना बोलवा आणि फीत बांधलेली झाडं आधी दाखवा.